आय-४८५ पेंडिंग असताना भारतात जाऊन यायचंय? तिकीट काढायच्या आधी हे सगळं क्रमाने करा

अमेरिकेच्या ग्रीन कार्डचा अर्ज, म्हणजे आय-४८५, पेंडिंग असताना देशाबाहेर जाता येतं का, याचं उत्तर कोणी तुम्हाला नुसतं "हो" किंवा नुसतं "नाही" असं दिलं तर त्यावर विसंबून तिकीट काढू नका. कोण कुठल्या स्टेटसवर आहे, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प चालू आहे का, नोकरी तीच आहे का, नवरा-बायकोपैकी कोण कोणाचा डिपेंडंट आहे, यावर उत्तर बदलतं, आणि एकाच घरातल्या दोघांचंही वेगळं असू शकतं. बहुतेक लोक आधी सेलमध्ये तिकीट काढतात, मग वकिलाला ईमेल करतात, मग कागद गोळा करतात. क्रम बरोबर उलटा हवा. परत येताना कुठला कागद दाखवून आत येणार हे आधी ठरवायचं, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

खालचं मुख्यतः नोकरीतून ग्रीन कार्डसाठी अर्ज केलेल्या आपल्या लोकांसाठी आहे. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून अर्ज केला असेल तर टप्पा २ मधली धोक्याची सूचना तुमच्यासाठीच आहे, ती आधी वाचा.

## १. नक्की काय पेंडिंग आहे ते बघा

"माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे" यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली पर्म, म्हणजे लेबर सर्टिफिकेशन. दुसरी आय-१४०, कंपनीने तुमच्यासाठी भरलेली पिटिशन. तिसरी आय-४८५, तुमचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज, जो प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) करंट झाल्यावर, म्हणजे तिचा नंबर लागल्यावरच भरता येतो.

फक्त पर्म किंवा आय-१४० पर्यंत आला असाल तर ॲडव्हान्स परोल (अर्ज पेंडिंग असताना बाहेर जाऊन परत आत यायची आगाऊ परवानगी) हा प्रकार तुमच्यासाठी नाहीच. तुम्ही एच-१बी (कंपनीमार्फतच्या नोकरीचा व्हिसा) वर बाहेर जाणार आणि एच-१बी च्या स्टॅम्पवरच परत येणार, प्रायॉरिटी डेट कितीही जुनी असली तरी. स्टॅम्प संपलेला असेल तर भारतात स्टॅम्पिंग, म्हणजे अमेरिकन कॉन्सुलेटमधून नवा व्हिसा घेणं, करावं लागणार, दुसरा रस्ता नाही.

आय-४८५ भरलेलं असेल तर पुढे वाचा. आत्ता भरायच्या तयारीत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) दाखल होतो त्या दिवशी अर्जदार अमेरिकेत हजर असावा लागतो. डेट करंट झाली, वकिलाने घाईघाईने सगळ्यांचे अर्ज पाठवले, आणि बायको मुलाला घेऊन साताऱ्याला माहेरी गेलेली, असं झालं तर तिचा आणि मुलाचा अर्ज चालत नाही. भारताच्या ईबी-२, ईबी-३ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचे गट) च्या तारखा पुढे सरकून परत मागे जातात, त्यामुळे एक खिडकी हुकली तर पुढची कधी उघडेल ते सांगता येत नाही. व्हिसा बुलेटिन (या तारखांचं दर महिन्याचं सरकारी पत्रक) हलताना दिसलं की घरातल्या सगळ्यांचे प्रवास थांबवा.

तपासा: घरातल्या प्रत्येकाची आय-४८५ ची रिसीट नोटीस वेगळी असते. नाव, जन्मतारीख आणि पत्ता प्रत्येकीवर वाचून बघा. रिसीट हातात नसताना निघू नका.

## २. परत कशावर येणार ते माणसागणिक ठरवा

नियम असा आहे की आय-४८५ पेंडिंग असताना ॲडव्हान्स परोल न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आलात तरी. या नियमातून मुख्यतः एच-१बी, एल-१ (कंपनीअंतर्गत बदली) आणि त्यांच्या डिपेंडंटना, म्हणजे एच-४ आणि एल-२ वाल्यांना सूट आहे, आणि ती सुद्धा अटींवर. बाहेर जाताना ते स्टेटस चालू हवं, परत येताना त्याच प्रकारचा व्हिसा चालू हवा आणि त्याच व्हिसावर आत यायला हवं, आणि एच-१बी किंवा एल-१ असेल तर त्याच एम्प्लॉयरकडे कामावर परत यायचं असायला हवं. एच-१बी ट्रान्सफर होऊन अप्रूव्ह झालं असेल आणि स्टॅम्प जुन्या कंपनीच्या नावाचा पण तारखेने चालू असेल, तर नव्या कंपनीचं आय-७९७ (अप्रूव्हलची नोटीस) सोबत घेऊन तो चालतो.

धोका: एफ-१ (विद्यार्थी), बी-२ (पर्यटक), ओ-१, टीएन, ई-३ (नोकरीचे इतर व्हिसा) यांना ही सूट नाही. के-१ (लग्न ठरलेल्यांचा व्हिसा) वर येऊन लग्न करून अर्ज केलेल्यांनाही नाही. यातल्या कोणीही ॲडव्हान्स परोल हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही. पासपोर्टवर एफ-१ चा पाच वर्षांचा स्टॅम्प चालू दिसतो म्हणून लोक निघतात आणि अर्ज गमावून बसतात.

आता एच-१बी वाल्यांसाठी दोन दरवाजे.

स्टॅम्प चालू आहे, नोकरी तीच आहे: एच-१बी वरच परत या. स्टेटस तसंच राहतं, आणि उद्या आय-४८५ नाकारलं गेलं तरी पायाखाली एच-१बी असतं. ॲडव्हान्स परोल असेल तर ते बॅगेत ठेवा, भारतात असताना नोकरी गेली किंवा काही अडलं तर तेच उपयोगी पडेल.

स्टॅम्प संपलाय पण ॲडव्हान्स परोल आहे: माझं मत स्पष्ट आहे, सध्याच्या दिवसांत स्टॅम्पिंगच्या फंदात पडू नका, परोलवर या. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी रिन्युअलचा ड्रॉपबॉक्स (इंटरव्ह्यू न देता नुसते कागद जमा करणं) जवळपास बंद झाला, प्रत्येकाला इंटरव्ह्यूला जावं लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली तेव्हा भारतातल्या कितीतरी अपॉइंटमेंट्स थेट पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या आणि लोक दोन आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन महिनोन्महिने अडकले. मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन स्टॅम्प मारून यायची जुनी युक्तीही आता धरून चालू नका, आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच अर्ज करा असं परराष्ट्र खात्याने सांगितलंय.

परोलवर आलात तर एच-१बी "मेलं" असं बरेच जण सांगतात, ते तितकं खरं नाही. तुम्ही परोली म्हणून आत येता हे खरं, पण त्याच एच-१बी एम्प्लॉयरकडे काम चालू ठेवता येतं, आणि कंपनीने पुढचं एच-१बी एक्स्टेन्शन भरलं आणि ते मंजूर झालं की एच-१बी स्टेटस परत मिळतं. मात्र ईएडी (कामाचं परमिट) वापरून दुसऱ्या कंपनीत काम सुरू केलं असेल तर एच-१बी आधीच सुटलंय. मग पासपोर्टवर चालू स्टॅम्प असला तरी तो वापरायचा नाही, ॲडव्हान्स परोल हाच तुमचा एकमेव दरवाजा.

यातूनच घराघरात होणारी सगळ्यात मोठी चूक निघते. नवरा एच-१बी सोडून ईएडीवर गेला की बायकोचं एच-४ त्याच दिवशी संपतं, कारण ते त्याच्या एच-१बी वर उभं होतं. पासपोर्टवर एच-४ चा स्टॅम्प पुढच्या वर्षापर्यंत दिसतोय म्हणून ती एकटी भारतात जाते, आणि परोल घेतलेलंच नसतं. असं बाहेर पडल्यावर तिचा आय-४८५ धोक्यात येतो, आणि हे कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. नवऱ्याच्या जागी बायको प्रायमरी, म्हणजे मुख्य अर्जदार असेल तर उलटं धरा, नियम तोच.

दुसरी गोष्ट, जोडीदार एच-४ च्या ईएडीवर नोकरी करत असेल आणि परोलवर परत येणार असेल तर तिचं किंवा त्याचं एच-४ राहत नाही, मग ती ईएडी वापरायची का हा वादाचा मुद्दा होतो. आय-४८५ वर मिळणारी ईएडी, जिच्यावर सी०९ असा कोड असतो, ती आधी हातात घ्या आणि मगच परोलचा रस्ता धरा.

थांबा, वकिलाशी बोला: मधे कधी स्टेटस संपून राहिलेला काळ असेल, परवानगी नसताना काम झालं असेल, कुठलीही अटक झालेली असेल (दारू पिऊन गाडी चालवल्याची सुद्धा, आणि केस मिटलेली असली तरी), तर हा लेख बाजूला ठेवा आणि इमिग्रेशन वकिलाला सगळं खरं सांगून लेखी सल्ला घ्या.

## ३. ॲडव्हान्स परोलचा अर्ज: आय-१३१

आय-१३१ हा फॉर्म आय-४८५ सोबत भरता येतो किंवा नंतर वेगळा. सोबत भरणं केव्हाही चांगलं, लागो न लागो. एप्रिल २०२४ च्या आधी भरलेल्या जुन्या आय-४८५ वर परोलला वेगळी फी नव्हती, १ एप्रिल २०२४ पासून भरलेल्या अर्जांना ६३० डॉलर वेगळे लागतात, म्हणून चौघांच्या घरात लोक मुलांचं परोल गाळतात. एच-४ चे स्टॅम्प चालू असतील आणि प्रायमरीचं एच-१बी टिकणार असेल तर ठीक, पण नोकरी बदलायचा विचार मनात असेल तर मुलांचंही भरा. बापाच्या परोलवर मूल येत नाही, प्रत्येकाला स्वतःचं लागतं.

भरताना होणाऱ्या चुका:

फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली जाते. यूएससीआयएसच्या साइटवरून त्याच दिवशी नवीन उतरवून घ्या, जुनी आली तर पूर्ण पाकीट परत येतं आणि दोन-तीन आठवडे जातात.

चुकीच्या प्रकारावर खूण होते. याच एका फॉर्मवर री-एंट्री परमिट, रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट असे बरेच प्रकार आहेत. री-एंट्री परमिट ग्रीन कार्ड मिळालेल्यांसाठी असतं. तुमची खूण ॲडव्हान्स परोलपुढे, पेंडिंग आय-४८५ च्या आधारावर.

प्रवासाचं कारण रिकामं किंवा एका शब्दात लिहितात. दोन सरळ वाक्यं पुरतात: आई-वडील पुण्यात आहेत, वर्षातून एकदा भेटायला जायचंय, आणि एकापेक्षा जास्त वेळा प्रवास करायचाय.

यात प्रीमियम प्रोसेसिंग नाही. महिने जातात, किती ते दर काही महिन्यांनी बदलतं, म्हणून यूएससीआयएसच्या साइटवरचा प्रोसेसिंग टाइम बघा आणि त्याहून जास्त धरून चाला. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न असेल तर अर्ज आधीच्या उन्हाळ्यात नाही, त्याच्याही आधी गेलेला असावा.

धोका: परोलचा अर्ज पेंडिंग असताना देश सोडला तर तो अर्ज साधारणपणे सोडून दिला असं धरून नाकारतात. चालू स्टॅम्पवर एच-१बी वाले गेले तर त्यांच्या आय-४८५ ला धक्का लागत नाही, पण आय-१३१ जाऊ शकतं आणि फी पण. हातात आधीचं चालू परोल असेल आणि फक्त रिन्युअल पेंडिंग असेल तर त्या चालू परोलवर जाऊन येता येतं, पण त्याची मुदत संपायच्या आत परत यायचं.

अजून एक गैरसमज: ईएडी रिन्युअलची रिसीट मिळाली की कार्ड आपोआप वाढतं. परोल कधीच आपोआप वाढत नव्हतं, वाढायची ती फक्त कामाची परवानगी, आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्युअलना तीही सवलत बहुतांशी राहिलेली नाही. संपलेलं कॉम्बो कार्ड (ईएडी आणि परोल एकाच कार्डावर) आणि रिसीट घेऊन मुंबई विमानतळावर उभं राहू नका.

## ४. घरून फोन आला आणि परोल हातात नाही

हा टप्पा कोणावर येऊ नये, पण येतो, आणि तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून आत्ताच वाचून ठेवा.

एच-१बी किंवा एच-४ वर आहात आणि स्टॅम्प चालू आहे: परोलची वाट बघू नका, निघा. पेंडिंग आय-१३१ गेलं तर गेलं, परत भरता येईल.

स्टॅम्प नाही किंवा सूट नसलेल्या स्टेटसवर आहात: यूएससीआयएसच्या कॉन्टॅक्ट सेंटरला १-८००-३७५-५२८३ वर फोन करून इमर्जन्सी ॲडव्हान्स परोलसाठी जवळच्या फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट मागा. ऑटोमॅटिक आवाजाला "इमर्जन्सी ॲडव्हान्स परोल" असंच सांगा. आय-१३१ पेंडिंग असेल तर ते एक्सपिडाइट, म्हणजे लवकर निकाली करायची विनंतीही करता येते. अपॉइंटमेंटला भरलेला फॉर्म, फी, फोटो, आय-४८५ ची रिसीट, पासपोर्ट आणि इमर्जन्सीचा पुरावा न्यायचा.

पुराव्यातच आपल्याकडे घोळ होतो. हॉस्पिटलमधून चिठ्ठी येते ती "पेशंट ॲडमिट आहे, नातेवाईकांची गरज आहे" एवढीच, पॅडच्या कोपऱ्यात, सही वाचता न येणारी. भावाला किंवा मामाला नीट सांगा काय लिहून घ्यायचं: लेटरहेडवर, इंग्रजीत, पेशंटचं पूर्ण नाव, ॲडमिट केल्याची तारीख, आजार आणि सध्याची गंभीर अवस्था, डॉक्टरांचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सही, शिक्का, तारीख आणि फोन नंबर. व्हॉट्सॲपवर तिरका काढलेला फोटो नको, नीट स्कॅन करून पीडीएफ मागवा. नातं दाखवायला तुमच्या पासपोर्टचं शेवटचं पान काढा, आपल्याकडच्या पासपोर्टवर तिथे आई-वडिलांची नावं छापलेली असतात.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा असेल आणि फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मग नाव, सही, पत्ता, तारीख. मराठी येणारा मित्र हे करू शकतो, नोटरी शोधत फिरायची गरज नाही. दाखला मिळायला वेळ लागतो, तोवर हॉस्पिटलचं पत्र चालतं का ते ऑफिसरला विचारा, सोबत घेऊन जा.

मिळेलच याची खात्री नसते, ते फील्ड ऑफिसवर असतं. पण कागद नीट असले तर माणसं त्याच दिवशी परोल घेऊन बाहेर आलेली आहेत.

## ५. परोल हातात आलं, आता वाचा

परोल दोन रूपांत येतं. एक म्हणजे ईएडी कार्डावरच "सर्व्ह्ज ॲज आय-५१२ ॲडव्हान्स परोल" अशी ओळ छापलेली असते, त्याला कॉम्बो कार्ड म्हणतात. दुसरं म्हणजे फोटो असलेला कागद, आय-५१२एल. कार्डावर ती ओळ नसेल तर ते नुसतं कामाचं परमिट आहे, प्रवासाला शून्य उपयोग. हे न वाचता निघणारे लोक आहेत. कागद असेल तर बऱ्याचदा दोन मूळ प्रती येतात, दोन्ही सोबत घ्या, दोन बॅगांत.

तारीख बघा. ज्या दिवशी अमेरिकेत उतरणार त्या दिवशी परोल चालू हवं. डिसेंबर २०२५ पासून आय-४८५ वरच्या नव्या ईएडी जास्तीत जास्त १८ महिन्यांच्या मिळतात, पूर्वी पाच वर्षांच्या होत्या त्या सवयीने चालू नका.

मग नाव. मराठी नावांची ही जुनी डोकेदुखी आहे. कोणाच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून आहे, कोणाच्या फक्त स्वतःचं. फॉर्म भरताना वकिलाच्या ऑफिसने वडिलांचं नाव मिडल नेममध्ये टाकलेलं असतं, कार्डावर ते अर्धवट कापलं जातं, तिकिटावर दोन नावं जोडून एक होतात. तेवढ्याने सहसा अडत नाही, पण आडनाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळलीच पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी जास्त सांभाळायचं: परोल माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, असं असेल तर लग्नाचा दाखला आणि जुना पासपोर्ट दोन्ही हातातल्या बॅगेत. आणि भारतात गेल्यावर "आलोच आहोत तर" म्हणून पासपोर्टवरचं नाव बदलून घेऊ नका, ते ग्रीन कार्ड मिळाल्यावर करा.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तो आधी रिन्यू करा, अमेरिकेतून निघायच्या आधीच. एच-१बी वर आत येताना पासपोर्ट संपायच्या तारखेपर्यंतच आय-९४ (आत आल्याची आणि कधीपर्यंत राहता येतं याची नोंद) दिल्याची उदाहरणं कितीतरी आहेत, आणि ते महिन्यांनी लक्षात येतं. जुन्या पासपोर्टवर चालू स्टॅम्प असेल तर दोन्ही पासपोर्ट न्यायचे.

## ६. आता तिकीट, पण रूट बघून

स्टॅम्प संपलेला आणि हातात फक्त परोल असेल तर रूट फार महत्त्वाचा. ब्रिटनमार्गे किंवा युरोपातल्या काही देशांमार्गे जाताना भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायला, म्हणजे ट्रान्झिटला सुद्धा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की बहुतेक ठिकाणी त्यातून सूट मिळते, पण परोल म्हणजे व्हिसा नव्हे, ते कार्ड दाखवून ती सूट मागता येत नाही. हे नुसतं येताना नाही, जातानाही लागू आहे. स्वस्त दिसलं म्हणून लंडनमार्गे काढलेलं तिकीट चेक-इन काउंटरवर अडतं आणि मग पैसेही जातात.

सरळ थेट विमान घ्या, नाहीतर दुबई, दोहासारखा रूट जिथे विमानतळाच्या आतच विमान बदलायचंय. दोन वेगळी तिकीटं जोडून प्रवास करू नका, मधे बॅग बाहेर घ्यावी लागली तर त्या देशाचा व्हिसाच लागतो. ट्रान्झिटचे नियम बदलत असतात, पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा.

अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याला भारतात शिरायला ओसीआय किंवा व्हिसा लागतो, स्वतःच्या कागदांच्या धावपळीत हे राहून जातं.

## ७. मागे राहिलेल्या टपालाची सोय

तुम्ही भारतात असताना यूएससीआयएस थांबत नाही. बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो) नोटीस येते, इंटरव्ह्यूची येते, आरएफई (आणखी कागदांची मागणी) येते. आरएफईला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, कधी बरेच कमी, आणि मुदत टपाल उघडल्या दिवसापासून मोजत नाहीत. बायोमेट्रिक्सला न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात.

विश्वासातल्या माणसाकडे टपालपेटीची किल्ली द्या आणि यूएससीआयएसचं पाकीट आलं की त्याच दिवशी उघडून फोटो पाठव असं सांगा. टपाल खात्याची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी चालू करा, रोज काय येणार त्याचे फोटो ईमेलवर येतात. घर बदललं असेल तर १० दिवसांच्या आत पत्ता बदल कळवायचाच असतो, नुसतं टपाल फॉरवर्डिंग लावून भागत नाही. अपॉइंटमेंट सुट्टीत आली तर तारखेच्या आधी पुढे ढकलायची विनंती करा, उलटून गेल्यावर नाही.

तपासा: बायोमेट्रिक्स अजून झालेलं नाही आणि नोटीस यायची वाट बघताय? शक्य असेल तर ते उरकूनच जा.

एचआरला तारखा कळवा, आणि भारतातून काम करणार असाल तर लेखी परवानगी घ्या.

## ८. हातातल्या बॅगेची फाईल

चेक-इन बॅगेत नाही, खांद्यावरच्या बॅगेत:

- पासपोर्ट, जुना स्टॅम्पवाला पासपोर्ट, परोलचं मूळ कार्ड किंवा कागद
- आय-४८५ ची रिसीट नोटीस, आय-१४० चं अप्रूव्हल असेल तर त्याची प्रत
- एच-१बी चं सगळ्यात नवीन आय-७९७, कंपनीचं ताजं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप
- लग्नाचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले
- वकिलाचा फोन नंबर कागदावर लिहून

सगळ्याचे स्कॅन ईमेलवर आणि अमेरिकेतल्या एका माणसाकडे.

## ९. भारतात असताना

स्टॅम्पिंग करणारच असाल तर डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) मध्ये तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का असा प्रश्न येतो. खरं उत्तर हो आहे, हो लिहा. एच-१बी आणि एल-१ वर ग्रीन कार्डचा इरादा असणं चालतं, त्यावरून व्हिसा नाकारत नाहीत, खोटं लिहिलेलं मात्र कायमचं नडतं. बीकेसीतल्या मुंबई कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूनंतर २२१(जी) ची (निर्णय अजून बाकी आहे अशी) चिठ्ठी मिळाली आणि आठवडे उलटले, तर पासपोर्ट हातात असेल तोवर चालू परोलवर परत येता येतं. म्हणून स्टॅम्पिंगला जातानाही परोल सोबत हवंच.

नोकरी गेल्याचा ईमेल भारतात असताना आला तर एच-१बी स्टॅम्पवर परत येऊ नका, तो त्या नोकरीसाठी होता. आधी वकिलाला फोन, मग परोल.

## १०. परतीचं विमान आणि इमिग्रेशनचा काउंटर

मुंबईत चेक-इनला तास-दीड तास जास्तीचा ठेवा. काउंटरवरचा माणूस पासपोर्टवर व्हिसा शोधतो, संपलेला दिसला की थांबवतो. कार्डावरची परोलची ओळ बोटाने दाखवा, शांतपणे सुपरवायझरला बोलवायला सांगा. एअरलाइनला अमेरिकन सीबीपीकडे (विमानतळावर आत घेणारं खातं) विचारून घ्यायची सोय असते, ती वापरा असं म्हणता येतं. तिथे वाद घालू नका, वेळ घेऊन आला असाल तर हे सुटतं.

अमेरिकेत उतरल्यावर कुठला कागद पुढे करायचा ते आधीच ठरलेलं आहे. एच-१बी वर यायचंय तर पासपोर्ट आणि आय-७९७ द्या, तोंडाने "एच-१बी" म्हणा, परोलचं कार्ड काउंटरवर काढूच नका. दोन्ही ठेवलं तर ऑफिसर परोलवर शिक्का मारून मोकळा होतो. आय-७९७ दाखवताना सगळ्यात नवीन दाखवा, नाहीतर व्हिसावरच्या जुन्या तारखेपर्यंतच आय-९४ मिळतं.

परोलवर येत असाल तर बहुतेक वेळा मागच्या खोलीत, सेकंडरीला पाठवतात. घाबरू नका, परोलवाल्यांसाठी ते नेहमीचं आहे, पण तास-दोन तास जाऊ शकतात, पुढचं डोमेस्टिक विमान लगेचचं ठेवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून परोलवर आत येणाऱ्यांना १००० डॉलरची नवी फी आली, पण आय-४८५ पेंडिंग ठेवून तात्पुरत्या प्रवासाहून परतणाऱ्यांना त्यातून सूट आहे. रिसीट नोटीस वर ठेवा, कोणी विचारलं तर तीच दाखवायची.

काउंटर सोडायच्या आधी: पासपोर्टवर शिक्का मारला असेल तर त्यावर काय लिहिलंय आणि कुठली तारीख आहे ते तिथेच वाचा. चूक असेल तर तिथेच सांगा, पुढे गेल्यावर दुरुस्ती लांबते.

## ११. आल्यावर दोन दिवसांत

सीबीपीच्या साइटवरून प्रत्येकाचं नवीन आय-९४ काढा. नाव, पासपोर्ट नंबर, क्लास ऑफ ॲडमिशन आणि तारीख बघा. एच-१बी वर आलात तर क्लास एच-१बी हवा आणि तारीख आय-७९७ शी जुळायला हवी. परोलवर आलात तर डीए (परोलचा कोड) दिसतं आणि तारीख बहुतेकदा एक वर्षाची असते. ते वर्ष संपलं म्हणजे देश सोडायचा असं नाही, आय-४८५ पेंडिंग असेपर्यंत तुमचं राहणं अधिकृत धरलं जातं.

चूक दिसली तर सीबीपीच्या जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन (अशा चुका दुरुस्त करणाऱ्या) ऑफिसला ईमेल किंवा फोन करा, आय-७९७ आणि पासपोर्टच्या प्रती जोडून. मुलांचं आय-९४ बघायला लोक विसरतात, आणि घरातली चूक नेमकी तिथेच निघते.

आय-९४ ची प्रत एचआरला आणि वकिलाला पाठवा, कुठल्या दरवाजाने आत आलात ते एका ओळीत लिहून. पुढचं एच-१बी एक्स्टेन्शन भरताना त्यांना ते लागतंच. आणि परोलची मुदत सहा-सात महिन्यांवर आली असेल तर रिन्युअलचा आय-१३१ आत्ताच भरायला सांगा.